दोन लहान मुलं, रोजची चाळीस मिनिटं आणि क्रोशाच्या भेटी: काय विणावं, काय सोडावं?

कपाशीचं_बोंड (चोपडा)

नमस्कार मंडळी. क्रोशा येतो म्हणजे साखळी, मुका खांब, खांब आणि ग्रॅनी स्क्वेअर (मधून बाहेर फेऱ्यांनी वाढत जाणारा चौकोन) एवढं नीट जमतं. गोल विणताना गडबड होते. खेळणी कधी केलेली नाहीत. घरात मुलं दोन, मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा आणि आता रांगणारा. विणायला वेळ दुपारी दोघं एकदम झोपली तर, नाहीतर रात्री. धरून चला रोज चाळीस मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यात.

कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाला, सहा आठवडे आहेत. यंदा सगळे भाऊबंद आमच्याकडे, म्हणून दाराला तोरण हवंय. नणंदेला सातवा महिना लागलाय, बारशाला दुपटं आणि टोपडं द्यायचंय. जावेची दोन मुलं, तीन आणि पाच वर्षांची, त्यांना खेळणं. सासूबाईंना स्वयंपाकघरात कामी येईल असं काहीतरी. सासरे रोज शेतात जातात, त्यांच्यासाठी सुचलंच नाही.

कोणतं आधी घेऊ? दोरा कोणता, किती? इथल्या मॅचिंगच्या दुकानात अॅक्रेलिक लोकर भरपूर आहे, सुती दोरा फक्त बारीक, 20 नंबरचा मिळतो. आणि मुलं आजूबाजूला असताना सुई-दोरा सांभाळायचा कसा, तेही सांगा.

---

तापीकाठ (भुसावळ)

आधी हिशोब, मग दोरा. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस, रोज 40 मिनिटं, म्हणजे हातात 28 तास.

आता दुपटं बघा. 10 सें.मी.चे चौकोन, 7 गुणिले 9, म्हणजे 63. चार फेऱ्यांच्या एका चौकोनाला 20 मिनिटं धरली तर नुसते चौकोन 21 तास. जोडणी, कड आणि दोऱ्याची टोकं लपवणं धरून आणखी सहा. झाले 27. म्हणजे तुमचा कानबाईपर्यंतचा सगळा वेळ एकटं दुपटं खाऊन टाकतं, आणि त्याची गरज तर कानबाईनंतर आहे. तेव्हा दुपटं खाली सरकवा. तोरण आधी, मग सासूबाईंसाठी गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या, मग जावेच्या मुलांसाठी चेंडू. कानबाई झाली की दुपटं.

स्वतःचा वेग मोजायला एक चौकोन घड्याळ लावून विणा, पण मुलं जागी असताना. झोपलेल्या घरात मोजलेला वेग खोटा निघतो.

वस्तू निवडताना मी एकच प्रश्न विचारीन: हे कुठल्याही टाक्यावर सोडून उठता येईल का? त्रिकोण, चौकोन, चकती, चेंडू, हे सगळं सोडता येतं. नक्षीचा आलेख वाचत विणायचं टेबलक्लॉथ, जिथे प्रत्येक ओळीत वेगळी मोजणी असते, ते सोडता येत नाही. 20 नंबरच्या दोऱ्याचा जाळीदार रुमाल रुखवतात शोभतो, पण रांगतं मूल घरात असताना तो हाती धरू नये. त्याला सव्वा मि.मी.च्या आसपासची पोलादी सुई लागते, टाके डोळ्यांत तेल घालून मोजावे लागतात, आणि सुटलेला एक टाका चार फेऱ्यांनंतर दिसतो.

उठताना सुई दोऱ्यात तशीच ठेवायची नाही. सुईवरचा फास दोन-तीन इंच मोठा ओढा, त्यात सेफ्टी पिन अडकवून बंद करा, सुई काढून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. म्हणजे बाळानं दोरा ओढला तरी पिनेच्या पुढे उसवत नाही, आणि सुई त्याच्या हाती लागत नाही. कात्री आणि शिवायची जाड सुईही त्याच डब्यात. फक्त पिन अडकवलेलं काम उंचावर ठेवा, पिन म्हणजेही धातूच आहे.

दोऱ्याचा गुंडा खाली सोडला की तो खेळणं होतो. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्याला भोक पाडून त्यातून दोरा बाहेर काढा. भोकाची कड खरखरीत राहते आणि दोऱ्याचे धागे ओरबाडते, म्हणून कडेला चिकटपट्टी लावा. टाके मोजायला राजमा, हरभरे, मणी ठेवू नका, ते थेट तोंडात जातात. कागदावर पेन्सिलीनं रेघा मारा.

---

दोरा_गुंडी (धुळे)

ताई, बठ्ठं एकाच दोऱ्यात करायला जाऊ नका. खान्देशात दोन टोकं आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 ओलांडतो, आणि पौषात धुळ्याला 10 च्या खाली जातो. म्हणून वस्तू कधी वापरणार त्यावर दोरा ठरवा.

तोरण, चकत्या, भांड्याची पकड, बाटलीचं कव्हर: सुतीच. दुपटं: सुती, किंवा बाळासाठी म्हणून मिळणारी मऊ अॅक्रेलिक. हिवाळ्याचं टोपडं: मऊ अॅक्रेलिक चालेल. आणि गॅसजवळ जाणारी वस्तू अॅक्रेलिकची कधीही नाही. सूत तापतं, करपतं, अॅक्रेलिक मात्र वितळून हाताला चिकटतं. पकड ओली झाली तर सुतीसुद्धा धोक्याची, ओल्या सुतातून उष्णता लगेच पार होते. सासूबाईंना एक नाही, दोन द्या, म्हणजे एक वाळत घालता येईल.

दोऱ्याचा नंबर जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक. 20 नंबर तुमच्या कामाचा नाही. वर्धमान, ओसवाल, अँकर यांपैकी जे मिळेल ते घ्या, पण वेष्टनावर सुईचं माप 3 ते 4 मि.मी. लिहिलेला मध्यम जाडीचा सुती दोरा मागा. तालुक्याला नाही मिळाला तर जळगावहून मागवा किंवा ऑनलाइन. अगदीच अडलं तर 20 नंबरचे चार पदर एकत्र घेऊन विणता येतं, पण सुई एखाद्या पदरातच घुसते आणि टाका चिरतो. रात्रीच्या उजेडात ते कळतही नाही.

किती घ्यायचा ते अंदाजानं ठरवू नका. एक चौकोन पूर्ण विणा, सोनाराच्या नाही तरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. समजा 7 ग्रॅम भरला. 63 गुणिले 7 म्हणजे 441. जोडणी, कड आणि टोकांसाठी 15 टक्के वर, म्हणजे साधारण 510 ग्रॅम. सगळा दोरा एकदम घ्या आणि प्रत्येक गुंड्यावरचा लॉट नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघा. लॉट बदलला की तोच रंग शेजारी ठेवल्यावर वेगळा दिसतो, आणि तो फरक धुतल्यावर कमी होत नाही.

रंग जातो का, हे आधी तपासा. लाल, मरून, काळा, गडद निळा हे चार संशयित. हातभर दोरा कोमट पाण्यात साबणासह भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा, दहा मिनिटांनी फडकं बघा. रंग उतरला तर तो दोरा पांढऱ्याच्या शेजारी विणू नका. तोरणाला लाल-पांढरं करायचा मोह होतोच, म्हणून सांगून ठेवते.

सूत धुतल्यावर आटतं. टोपड्यासारख्या मापाच्या वस्तूसाठी 12 सें.मी.चा नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजा.

---

कपाशीचं_बोंड (चोपडा)

हिशोब डोळ्यांसमोर मांडलात, आभार. दुपटं पुढे ढकललं. तोरणाची कृती कोणी देईल का? दरवाजाची रुंदी 90 सें.मी. आहे. आणि दुपट्याला चौकोन जोडण्याऐवजी एकच मोठा ग्रॅनी स्क्वेअर विणत गेलं तर? टोकं वाचतील ना?

---

मुका_खांब (अमळनेर)

आधी शब्द एकसारखे करून घेऊ, कारण घरोघरी वेगळे आहेत आणि व्हिडिओत त्याहून वेगळे. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढला, सुईवर दोन फास झाले, दोन्हीतून एकदम काढला. खांब म्हणजे आधी सुईवर एक वेढा, मग टाक्यात, मग दोन-दोन करून दोनदा काढला. अमेरिकन व्हिडिओत मुक्या खांबाला सिंगल क्रोशे आणि खांबाला डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश कृतीत मुका खांब हाच डबल क्रोशे आणि खांब म्हणजे ट्रेबल. कृती अर्ध्यावर आल्यावर माप दुप्पट किंवा निम्मं येतंय असं वाटलं तर बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

तोरण त्रिकोणांचं करा. दोरा मध्यम सुती, सुई साडेतीन.

त्रिकोण टोकापासून सुरू होतो. 4 साखळ्या. सुईपासून चौथ्या साखळीत 2 खांब. सोडलेल्या 3 साखळ्या हा एक खांब धरायचा, म्हणजे पहिली ओळ 3 खांबांची. पुढे प्रत्येक ओळीला 3 साखळ्या घाला, काम उलटा, आणि त्याच बुडाच्या टाक्यात आणखी एक खांब. मधल्या प्रत्येक टाक्यात एकेक. शेवटी आधीच्या ओळीच्या 3 साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत 2 खांब. असे 3, 5, 7, 9, 11, 13, 15, 17. आठ ओळी, संपलं. मध्यम हाताला वरची कड 9 ते 10 सें.मी. भरते. 10 भरली तर 9 त्रिकोण पुरतात, 8 च भरली तर 11 विणा.

चूक कुठे होते? शेवटच्या टाक्यात. ती साखळी टाका दिसत नाही म्हणून सुटते, त्रिकोण एका बाजूला कलतो, आणि बाई म्हणते हात सैल आहे. हात सैल नाही, टाके मोजलेले नाहीत. प्रत्येक ओळीनंतर मोजा. आकडा विषमच यायला हवा, सम आला की तिथेच उसवा.

जोडणी: नवा दोरा घेऊन 25 साखळ्या बांधणीसाठी, मग पहिल्या त्रिकोणाच्या वरच्या 17 खांबांवर 17 मुके खांब, 1 साखळी, पुढचा त्रिकोण. 9 त्रिकोणांचे 153 मुके खांब आणि मधल्या 8 साखळ्या, एकूण 161. शेवटी पुन्हा 25 साखळ्या. मग काम उलटून त्या 161 वर आणखी एक ओळ मुक्या खांबांची. ही पट्टी तीन मि.मी.च्या सुईनं विणा, साडेतीनच्या नाही. कारण तोरण स्वतःच्या वजनानं लांबतं आणि मधे पोट काढतं. तरीही मागच्या बाजूला सुती टेप किंवा नाडी हातशिलाईनं लावाच, आणि दोनऐवजी पाच ठिकाणी टांगा.

वेळ: त्रिकोणाला 25 मिनिटं धरून 9 चे पावणेचार तास, पट्टीला दीड, टोकं आणि टेपला सव्वा. साडेसहा तासांत तोरण दाराला.

कानबाईच्या चौरंगावर रुमाल विणायचाही विचार मनात येईल. विणा, पण समई-निरांजनापासून लांब अंथरा. आणि हळद सांडली तर लगेच साबण लावू नका, साबणानं हळदीचा डाग लाल होतो. धुतल्यावर उन्हात ठेवा. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो, दोन-तीन दिवसांत डाग फिका पडतो. बाकी रंगीत सूत मात्र सावलीतच वाळवायचं.

मोठ्या ग्रॅनी स्क्वेअरबद्दल माझं मत: करा. एकरंगी चौकोनाला दोन टोकं, चार रंगांच्या चौकोनाला आठ. 63 चौकोन चार रंगांत विणलेत तर 504 टोकं लपवायची. पाचशे चार. ज्यांनी ठरवलंय त्यांनी पुन्हा एकदा विचार करावा. एकच चौकोन विणत गेलात तर टोकं फक्त गुंडा बदलताना.

---

तापीकाठ (भुसावळ)

इथे मी वेगळं म्हणेन. एकसंध चौकोन 50 सें.मी.पुढे गेला की पूर्ण मांडीवर येतो, श्रावण-भाद्रपदात मांडी भिजते, आणि एक फेरी अर्ध्या तासाची होते. बाळ रांगत आलं तर सबंध दुपटं ओढतं, तुकडा ओढत नाही. एकेक चौकोन पर्समध्ये मावतो, दवाखान्याच्या रांगेत, एसटीत विणता येतो. टोकांचा प्रश्न एकरंगी चौकोन करून आणि टोकं त्याच दिवशी लपवून सुटतो. 126 टोकं एकदम बसून लपवायची ठेवलीत, तर ते दुपटं पिशवीतच राहील.

---

मुका_खांब (अमळनेर)

मांडी भिजते हे मान्य. मग पंख्याखाली विणा. :) पण करायचाच झाला मोठा चौकोन, तर प्रत्येक फेरीनंतर काम उलटा. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेनं विणल्या तर चौकोन हळूहळू पिळवटतो, कोपरे कोपऱ्यांवर बसत नाहीत आणि घडी तिरकी पडते. दहाव्या-बाराव्या फेरीला लक्षात येतं, तोवर उसवायचा धीर संपलेला असतो.

---

सातपुड्याची_सावली (शहादा)

बाळाच्या वस्तूंबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ही यादी सुंदर दिसण्यापेक्षा महत्त्वाची आहे.

दुपट्याला मोठी जाळी नको, बाळाची बोटं अडकतात. ग्रॅनी स्क्वेअरमध्ये तीन खांबांच्या गटांमध्ये साखळी घालू नका, फक्त कोपऱ्यात 2 साखळ्या ठेवा. झालर, गोंडे, लोंबत्या दोऱ्या, मणी, टिकल्या काही नाही. टोपड्याला हनुवटीखाली बांधायची दोरी नको.

टोकं लपवताना 12-15 सें.मी. शेपूट ठेवा, जाड सुईनं टाक्यांच्या आतून एकदा उजवीकडे, मग डावीकडे, मग परत उजवीकडे असं तीनदा फिरवा. नुसती गाठ सुती दोऱ्यात टिकत नाही, धुण्यात सुटते. सुटलेला धागा मोजे किंवा हातमोज्यांच्या आत असला तर बाळाच्या बोटाभोवती गुंडाळून रक्त अडवू शकतो, म्हणूनच मी मोजे भेट देऊ नका म्हणेन. दिलेच तर घालण्याआधी दरवेळी उलटे करून बघायला नणंदेला सांगा.

वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल दुपटं, उशी, मऊ खेळणी ठेवू नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. घरात झोपताना टोपडंही नको, अंग तापतं. तेव्हा दुपटं मांडीवर घेण्यासाठी, बाहेर नेताना, हे भेटीसोबत तोंडी सांगून द्या.

टोपड्याचं माप. बारशाला बसेल असं नवजाताचं टोपडं विणलंत तर महिनाभरात डोक्यात जाणार नाही, आणि तेव्हा खान्देशात गरमच असतं. त्यापेक्षा डिसेंबरच्या थंडीचं करा, तोवर बाळ तीन महिन्यांचं असेल. त्या वयात डोक्याचा घेर साधारण 40 सें.मी. धरा. टोपडं ताणून बसायला हवं म्हणून 2 सें.मी. कमी, म्हणजे 38. आता 38 भागिले 3.14, आलं 12. वरची सपाट चकती 12 सें.मी. व्यासाची झाली की वाढवणं थांबवायचं, पुढे सरळ विणत जायचं. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत 15-16 सें.मी. लांबी पुरते. हे गणित कुठल्याही डोक्याला लागतं, कृती शोधत बसू नका. घेर मोजा, दोन वजा करा, 3.14 नं भागा.

अॅक्रेलिक घ्या तर गालाला लावून बघा. केसाळ, भुरभुरणारी लोकर बाळाला नको, तिचे तंतू नाकातोंडात जातात.

आणि कपाशीचं_बोंड, एक तुमच्यासाठी. बाळ सतत कडेवर असलेल्या आयांना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखायला लागतं. क्रोशानं ते वाढतं. सुई पेन्सिलीसारखी धरत असाल तर सुरीसारखी धरून बघा, सुईच्या दांड्यावर जुना रुमाल गुंडाळून जाड करा, आणि 15-20 मिनिटांनी थांबा. मूठ वळताना कळ मारत असेल तर विणणं बंद आणि डॉक्टरांना दाखवा.

---

कपाशीचं_बोंड (चोपडा)

कालपासून चकती करून बघतेय, भांड्याखाली ठेवायची. पाचव्या फेरीला कडेला फ्रिलसारख्या लाटा आल्या. सपाट का बसत नाही? आणि चेंडूत भरायला घरचा कापूस चालेल का? घरात आहेच ढीगभर.

---

दोरा_गुंडी (धुळे)

लाटा आल्या म्हणजे टाके जास्त वाढवलेत. वाटीसारखी वर वळली असती तर कमी पडले म्हटलं असतं.

खांबाची चकती 12 नं सुरू होते आणि दर फेरीला 12 नंच वाढते: 12, 24, 36, 48, 60. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन. तिसरीत एक साधा, मग एकात दोन. चौथीत दोन साधे, मग एकात दोन. पाचवीत तीन साधे, मग एकात दोन. तुम्ही बहुधा तिसरीनंतरही एक सोडून एक वाढवत गेलात. पाचवी उसवा, चौथीचे टाके मोजा, 48 यायला हवेत.

मुक्या खांबाची चकती बुटकी, म्हणून ती 6 नं वाढते: 6, 12, 18, 24.

सुरुवात मॅजिक रिंगनं (ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यानं) केलीत तर तिचं शेपूट दोन दिशांना फिरवून पक्कं लपवा. मधलं भोक महिन्याभरानं उघडतं ते शेपूट आखूड कापल्यामुळे.

पातेल्याच्या बुडापेक्षा चकती दोन सें.मी. मोठी हवी. एक पदर गरम कढईला पुरत नाही. दोन चकत्या उलट्या बाजू आत ठेवून कडेनं मुक्या खांबांनी जोडा. घट्ट हातानं विणलेली, भोकं नसलेली असेल तरच ओट्याला आच लागत नाही.

कापूस भरू नका. घरचा तर अजिबात नाही. सरकी राहिलेली असली तर तिचं तेल उतरतं, पिवळे डाग बाहेर येतात. सरकी काढलेला असला तरी पहिल्या धुण्यात त्याचे गोळे होतात, आतून दोन-दोन दिवस वाळत नाही आणि पावसाळ्यात कुबट वास सुटतो. उशा भरायचा पॉलिस्टर फायबर म्हणून जो मिळतो, तो घ्या. पाव किलोत तुमचे सगळे चेंडू आरामात होतात.

---

सातपुड्याची_सावली (शहादा)

चेंडूची कृती देते. जावेची मुलं तीन आणि पाचची असली तरी चेंडू शेवटी तुमच्या आठ महिन्यांच्या हाती लागणार, म्हणून मोठाच करा. साडेचार सें.मी.पेक्षा लहान चेंडू तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नको, घशात बसतो.

मुके खांब, सुई अडीच किंवा तीन. वेष्टनावर लिहिलंय त्यापेक्षा सुई बारीकच घ्यायची, नाहीतर टाक्यांमधून आतला पांढरा भराव दिसतो. मॅजिक रिंगमध्ये 6. मग 12, 18, 24, 30, 36, 42. सात फेऱ्या 42 वर सरळ. मग उतार: 5 मुके खांब, 2 चे 1, असं सहा वेळा, राहिले 36. पुढे 30, 24, 18, 12, 6. टाके घटवताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे फास घ्या, खड्डा पडत नाही. 12 उरले की भराव घालणं संपवायचं, 6 वर दोरा ओवून आवळायचा. व्यास साधारण 7 सें.मी. येतो.

फेरी गोल फिरत जाते, जोड नसतो, म्हणून पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवून दर फेरीला वर सरकवा. हा तुकडा विसरलात की मोजणी गेली. वाढवण्याचे टाके दर फेरीत एकाखाली एक आले तर चेंडू सहा कोनी दिसतो, एका फेरीत वाढ सुरुवातीला, पुढच्या फेरीत मधे घ्या.

डोळे-तोंड हवं असेल तर दोऱ्यानं भरतकाम करा. बटण, प्लॅस्टिकचे डोळे, घुंगरू नको. वाजायला हवं म्हणून आत घुंगरू घालतात, पण टाका सुटला की तेच बाहेर येतं.

तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला रंग निवडायला आणि भराव कुस्करून मोकळा करायला बसवा, अर्धा तास निघतो. सुई द्यायची घाई नको. पाच-सहाव्या वर्षी आधी बोटांनी साखळी घालायला शिकवायची, तोरणाच्या बांधण्या तीच विणेल.

---

तापीकाठ (भुसावळ)

सासऱ्यांसाठी: पाण्याच्या बाटलीचं सुती कव्हर, खांद्याला अडकवायच्या पट्ट्यासह. बाटली एकपदरी स्टीलची असली तर उन्हाळ्यात कव्हर ओलं करून ठेवायचं. सुतातलं पाणी उडताना बाटली गार होते, छागलीचं, म्हणजे पाण्याच्या जुन्या कापडी पिशवीचं, तंत्र तेच. कोरड्या हवेत, चैत्र-वैशाखात, चांगलं चालतं. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा चालणार नाही. आणि थर्मासच्या दुपदरी बाटलीला त्याचा उपयोग शून्य.

तळ मुक्या खांबाच्या चकतीचा, 6 नं वाढवत. बाटली चकतीवर उभी करून बघा, चकती बुडाएवढी झाली की थांबा. साडेसात सें.मी.च्या बाटलीला 42 टाक्यांच्या आसपास. पुढची एक फेरी फक्त मागच्या फासात विणा म्हणजे तळाची कड काटकोनात वळते. मग सरळ वर, मानेच्या दोन बोटं खाली थांबायचं. कव्हर घट्ट बसायला हवं, भिजल्यावर सूत सैल होतंच.

पट्ट्यात सगळे चुकतात. विणलेला पट्टा लिटरभर पाण्याच्या वजनानं लांबतो आणि आठ दिवसांत बाटली गुडघ्याशी येते. 6 मुक्या खांबांची पट्टी विणून आतून निवारीची अरुंद पट्टी शिवा, आणि ती पट्टी दोन्ही बाजूंनी थेट तळापर्यंत खाली नेऊन शिवा. वजन निवारीवर येतं, टाक्यांवर नाही.

गडद रंगाचं काम दिवसा करा, रात्रीला पांढरं-पिवळं-आकाशी ठेवा. वीज गेली तर मोबाइलच्या उजेडात काळ्या दोऱ्याचे टाके मोजता येत नाहीत.

---

कपाशीचं_बोंड (चोपडा)

पाचवी उसवली. चौथीत 48 ऐवजी 54 होते. आता सपाट बसली. तोरणाचे दोन त्रिकोण झालेत, कड साडेनऊ भरतेय. नऊ त्रिकोण पुरतील ना, की दहावा घेऊ?

---

मुका_खांब (अमळनेर)

साडेनऊ गुणिले नऊ म्हणजे साडेपंच्याऐंशी, मधल्या साखळ्यांचे दोन-तीन सें.मी. धरून 88. तोरण टांगल्यावर थोडं लांबतंच. नऊ पुरे.